दोन वयांची मुलगी

माझ्या मुलीला दोन वयं आहेत. जन्मदाखल्याप्रमाणे ती ११ महिन्यांची, डॉक्टरांच्या फाइलमध्ये ८. ती ४० ऐवजी २८व्या आठवड्यात आली, म्हणून मधले १२ आठवडे वजा करायचे. याला ‘करेक्टेड एज’ म्हणतात. बसणं, रांगणं या दुसऱ्या वयावर मोजायचं; लसी मात्र पहिल्या वयाप्रमाणे.

जन्माचं वजन ९८० ग्रॅम. किलोभर साखरेच्या पुडीपेक्षा कमी. एनआयसीयूत ६१ दिवस. बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. कॉटवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे बायकोचं नाव.

मी बॅकएंडवाला. अलर्ट आला की लॉग उघडायची सवय. इथे मॉनिटर वाजायचा, ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ८० वर यायचा आणि माझ्या हातात काहीच नसायचं. सिस्टर शांतपणे येऊन तिचा तळपाय चोळायच्या, की ती श्वास घ्यायची. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचा मेंदू मधेच श्वास घ्यायला विसरतो. त्यावर औषध म्हणून कॅफीन देतात. ज्याच्या जोरावर माझे रिलीज निघतात, त्याच्यावरच तिचा श्वास चालला होता.

बायकोला सुरुवातीला दूध पुरेसं येईना, तेव्हा मिल्क बँकेतलं मिळालं. आशियातली पहिली मिल्क बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलात सुरू केली, हे मला तेव्हा कळलं. कुणा अनोळखी बायांच्या दुधावर आमची मुलगी ग्रॅमग्रॅमनं वाढली.

मग कांगारू केअर. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते, तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या छातीशी उघड्या त्वचेला बिलगून ठेवायला सुरुवात केली. बापाची छातीही चालते. शर्टाची बटणं काढून मी रोज दुपारी दोन तास खुर्चीत बसायचो. आकडा बराच वेळ हलायचा नाही. पहिल्यांदाच मी तिच्यासाठी काहीतरी करत होतो.

लोक म्हणायचे, ‘किती खंबीर आहात!’ आमच्याकडे फक्त यादी होती. दर तीन तासांनी दूध, वाट्या-चमचे उकळणं, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, सर्दी झालेल्या आत्याला ‘आत्ता येऊ नकोस’ सांगणं. आत्यानं महिनाभर अबोला धरला. घरी आल्यावर मॉनिटर नव्हता, म्हणून आई, बायको आणि मी रात्रीच्या पाळ्या लावल्या. यादीतलं पुढचं काम करत गेलो. धीर मागाहून आला.

अजून ती आधाराशिवाय बसत नाही. ८ महिन्यांच्या हिशेबानेही जरा उशीरच. फिजिओथेरपी चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वेळ द्या. बायको आता कुठल्याच आईसोबत महिन्यांची तुलना करत नाही. मी अजून करतो, मनातल्या मनात.

तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ काचेच्या पेटीत असेल, तर ‘वजन किती झालं?’ विचारू नका. डबा घेऊन जा. आमचा एक मित्र जवळजवळ रोज रात्री हॉस्पिटलच्या गेटवर यायचा. वर काय चाललंय, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. भाजी तिखट झाली होती का, एवढंच विचारायचा.