पाच वॅट पुष्कळ झाले

डोंबिवली,
नारळी पौर्णिमा उलटून चार दिवस

चि. नितीन,

तुझा व्हॉट्सॲपवरचा निरोप काल रात्री साडेअकराला वाचला आणि झोप उडाली. त्या काचेवर माझा अंगठा चालत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. हसू नकोस. तू लिहिलंस, ‘मामा, होडीवरचा सीबी रेडिओ सेट ऐकतो पण बोलत नाही. पाच वॅटने काय होणार, शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर मागवलाय.’ पहिलं वाक्य दुखण्याचं आहे, त्याला औषध आहे. दुसऱ्याने माझं डोकं फिरलं. नळाला पाणी येत नाही म्हणून कोणी मोठी बादली आणतं का रे?

आधी माइक खुंटीला लाव आणि त्याच्या बटणाला हात लावू नकोस. ताई सांगत होती, तू परवा धक्क्यावर तासभर ‘हॅलो हॅलो’ करत बसला होतास. बटण दाबलं की सेटमधली ताकद वायरमधून अँटेनाकडे निघते. तिथे तिला बाहेर पडायला वाट नसली की ती माघारी फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या उरावर बसते. तो तापतो आणि एखाद्या दिवशी जातो. मग सेट ऐकेल जन्मभर, बोलणार कधीच नाही. भाऊजींनी वीस वर्षं वापरलेला सेट आहे तो, हे तुला सांगायला नको.

पीए-सीबीचा खटका पाहिलास का? तो पीएवर सरकला की सेट भोंग्याचा होतो, हवेत काही जात नाही. गेल्या गणपतीत कोणी सरकवला होता आणि कोणाला डोंबिवलीहून बोलावून घेतलं होतं, ते मी पुन्हा उगाळत नाही.

खटका बरोबर असेल तर बॅटरी. नुसतं ऐकायला सेटला अर्धा अँपियरही लागत नाही, बोलायला मात्र दीड-दोन लागतात. वायर गंजलेली किंवा फ्यूजची पकड ढिली असेल तर ऐकण्यापुरती वीज सरपटत येते आणि बटण दाबताच व्होल्टेज बसतं. बटण दाबल्यावर लाल दिवा नीट लागतो की मिणमिणतो? का लागतच नाही? लागतच नसेल तर माइकची वायर बघ. ती तुटते कायम प्लगच्या तोंडाशी, जिथे रोज पीळ पडतो. वरचं रबर शाबूत दिसतं आणि आत तांब्याची एक तार सुटलेली असते.

पण माझा संशय यातल्या कशावरच नाही.

तू लिहितोस, दुपारी परदेशातली माणसं बोलताना ऐकू येतात, म्हणजे अँटेना फर्स्टक्लास. इथेच सगळे फसतात. ऐकू येण्यासाठी ओल्या सुतळीएवढी तारसुद्धा पुरते. सूर्यावर डागांची गर्दी असते तेव्हा सत्तावीस मेगाहर्ट्‌झच्या लहरी वरच्या हवेच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर जातात. सध्याचं सौरचक्र डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं आणि 2024 मध्ये ऐन भरात आलं, त्याचा हा उतार आहे. ती माणसं तुला ऐकू येतात हा सूर्याचा पराक्रम, तुझ्या अँटेनाचा नव्हे.

आता नीट वाच. हा सेट टेम्पोवर उत्तम बोलायचा. घोडबंदरला गायमुखच्या वळणावरून भाऊजी बोलायचे, तर कोलशेतला ताईला त्यांचा खोकलासुद्धा ऐकू यायचा. तोच सेट, तीच अँटेना तू नव्या होडीवर बसवलीस आणि तो मुका झाला. मग बदललं काय? टेम्पो बदलला! अरे, अँटेना म्हणजे टपावरची ती काठी एवढीच नव्हे. ती निम्मी. उरलेली निम्मी म्हणजे टेम्पोचं लोखंडी टप. सत्तावीस मेगाहर्ट्‌झची लहर अकरा मीटरची, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. तेवढ्या काठीला खाली तेवढंच धातूचं अंग लागतं. तुझी होडी फायबरची. तिथे ती काठी अधांतरी उभी आहे. भाऊजींनी टेम्पो भंगारात दिला तेव्हा अर्धी अँटेना त्याच्याबरोबर गेली, हे त्या दिवशी माझ्याही ध्यानात आलं नाही. म्हणजे चूक माझीही.

यावर उपाय दोन. फायबरच्या होडीसाठी वेगळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी अँटेना मिळते, लॅमिंग्टन रोडला विचारू. नाहीतर पावणेतीन मीटरच्या चार तांब्याच्या तारा कापून होडीत आतून चार दिशांना लावायच्या आणि अँटेनाच्या बुडाशी जोडायच्या. मग एसडब्ल्यूआर मीटर. दीडच्या आत सुई आली तर देवाला नारळ. तीन आली, तर चौथाई ताकद माघारी येतेय असं समज. तुझ्या होडीत कदाचित सुई टोकालाच जाऊन बसेल.

आणि तो प्लग. टेम्पोवरचा मी स्वतः डाग देऊन बसवला होता, टेप गुंडाळून. होडीवरचा तू स्क्रूने आवळलास, टेप नाही. तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. प्लगच्या कडेने हिरवी बुरशी दिसते ना, ती बुरशी नव्हे, ते तांबं खाल्लेलं आहे. खाडीची हवा आहे ती! दोन इंच वायर कापून आतली जाळी बघ. काळी दिसली तर आणखी कापायची, लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत. काटकसर करू नकोस.

राहिला तुझा शंभर वॅटवाला. पाचाचे शंभर केलेस म्हणजे वीसपट, पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर सुई जेमतेम दोन घरं सरकते. आणि अधांतरी अँटेनात शंभर वॅट ओतलेस तर माघारी येणारी ताकदही वीसपट. त्यात हा बेकायदा धंदा. लहानपणी घरात नुसता ऐकायचा रेडिओ होता तरी अण्णा दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरायला मला पाठवायचे. बोलायच्या सेटची तर बातच सोड, 1933 च्या कायद्याने नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागायचा. 2005 साली सरकारने 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्‌झ एवढी चिंचोळी पट्टी आपल्यासारख्यांना पाच वॅटपर्यंत विनापरवाना मोकळी केली. तेवढी मोकळीक मिळायला इतकी वर्षं गेली, आणि तू ती चार दिवसांत घालवायला निघालास. तुझ्याच रस्त्यावर हवाई दलाचं ठाणं आहे, हे विसरलास का?

‘मोबाइल असताना हे कशाला’ असंही खाली लिहिलं आहेस. बरोबर आहे. 26 जुलै 2005 लाही मोबाइल होते. सांताक्रूझला दिवसभरात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री सगळ्यांच्या खिशात फोन होते आणि लागत कोणाचाच नव्हता. ताई देवघरासमोरून उठली नाही. तू सात वर्षांचा होतास, खिडकीत बसून ‘बाबांचा टेम्पो आला’ म्हणून तीनदा खोटंच सांगितलंस. त्यानंतर भाऊजींनी दोन सेट घेतले, एक टेम्पोला, एक घराला. मी हौशी माणूस, मला तो खेळ होता. त्यांना नव्हता.

खरं सांगायचं तर मला सेटची काळजी नाहीच. ‘अँटेना उंच न्यायला वीस फुटी ॲल्युमिनियमचा पाइप होडीवर उभा करतो’ हे तू शेवटी सहज लिहिलंस, तिथे माझा हात थांबला. खाडीवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. भरतीला होडी किती वर येते, हे मी तुला सांगायचं का? उधाणाच्या भरतीत तार आणि पाइपाचं टोक यात किती अंतर राहील, ते दिवसा मोजलंयस का कधी? पाइप तारेला लागायलाच हवा असं नाही, नुसता जवळ गेला तरी पुरतो. त्यात भाद्रपदात संध्याकाळी वीज कडाडते आणि सपाट पाण्यावर सगळ्यात उंच काय असणार, तर तू आणि तुझा पाइप. आपल्या तारा होडीत खाली लावल्यास तर एवढ्या उंचीची गरजच नाही.

आणि रात्री एकटा जाऊ नकोस. ओहोटीत कांदळवनाच्या कडेला चिखलात होडी बसली की पुढची भरती येईपर्यंत सहा तास तिथेच. ‘मोबाइल आहे’ म्हणशील. पाण्यात पडला की तोही ऐकत नाही आणि बोलतही नाही. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस. की कळलंच आहे? काल तिचा फोन आला तेव्हा तिने निवट्या कशा मिळाल्या ते पाच मिनिटं सांगितलं आणि तुझं नाव एकदाही काढलं नाही. ती अशी बोलते तेव्हा मला भीती वाटते.

मी रविवारी येतो. सकाळच्या लोकलने ठाणे, तिथून टीएमटी. मीटर, डमी लोड, सोल्डरिंगची इस्तरी माझ्याकडे आहे. तांब्याची तार तू आण, अकरा मीटर, वर मीटरभर जास्त. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड लावून सेट बोलतो का बघू. बोलला तर भाऊजींचा सेट धडधाकट आहे आणि दोष होडीचा. नाही बोलला, तर त्या एका तासाच्या ‘हॅलो हॅलो’बद्दल तुझ्याशी नंतर बोलेन.

तुझा,
बाळूमामा

ता. क. ॲम्प्लिफायरचं पार्सल आलं तर फोडू नकोस, तसंच परत कर. आणि पाइप उतरव. रविवारची वाट बघू नकोस, आजच उतरव.