त्या संध्याकाळचा पिवळा

रात्री हर्णैच्या बंदरावरचा फोटो उघडून बसलो. मासळीचा लिलाव, वाळूवरच्या टोपल्या आणि गर्दीत पाठमोरे बाबा. फोटोत सगळं राखाडी-निळसर आलंय. मला आठवतो तो उजेड हळदीसारखा होता.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा दोष समजतो आणि बराचसा पुसून टाकतो. मी रंगाचं तापमान वाढवलं, सावल्या जरा गडद केल्या. बाबांच्या ओल्या सदऱ्याची कड उजळली आणि संध्याकाळ ओळखीची वाटू लागली.

याला खोटेपणा म्हणायला मन धजत नाही. छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. निगेटिव्ह एकच, पण पुढची कित्येक वर्षं तिच्या प्रिंट काढताना तो आकाश गडद करत गेला. सुरुवातीच्या प्रिंटमधले फिकट ढग नंतर जवळजवळ काळ्या आकाशात बुडाले. आठवणींचंही असंच होत असेल का? उरतं ते ठळक होतं, बाकीचं बुडतं.

बाबांच्या खांद्याशी कुणा अनोळखी माणसाचं कोपर आलंय. एका क्लिकसरशी घालवता येईल. कर्सर तिथवर नेला, पण हात पुढे जाईना. उजेड आठवतो, ते कोपर मुळीच आठवत नाही; तरी तो माणूस तिथे होताच. बाबा त्याच्याशीच बोलत होते का? पापलेटचा भाव विचारत होते? आईला विचारायला हवं, घासाघीस करायला तीच पुढे असायची.