हंगामाचा हप्ता, तारखेचा हप्ता

दिवाळी सरली की कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा वास भरून राहायचा. करवीर, कागल, पन्हाळ्याकडची गुऱ्हाळं पेटलेली असायची. पेठेत गुळाचे रवे यायचे, सकाळी सौदे निघायचे आणि दुपारनंतर हमाल ट्रक भरायला घ्यायचे. यातला बराचसा गूळ गुजरातला जायचा. १९८०च्या दशकात पेठेला लागून असलेल्या ज्या गल्लीत आम्ही वाढलो, तिथे बहुतेक घरांतला एकतरी माणूस कुठल्या ना कुठल्या गाडीवर होता. कोण गाडी घेऊन अहमदाबादला गेलाय, कोणाची गाडी परतीच्या भाड्यासाठी सुरतेत अडकलीय, हे आम्हा पोरांनाही ठाऊक असायचं.

त्या गल्लीत माणसाची प्रगती तीन पायऱ्यांत मोजली जायची. पोरगं आधी क्लीनर व्हायचं. टामीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्री चढवायची, रस्सा आवळायचा, घाटात गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा. काही वर्षांनी उस्ताद रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. मग लायसन्स निघालं की तो ड्रायव्हर. आणि ज्याला व्यसन नाही, ज्याच्या हातून गाडी कधी ठोकली नाही आणि ज्याच्या घरचं माणूस पैशाला जपून आहे, तो चाळिशीच्या आसपास मालक व्हायचा. सगळ्यांना ते जमायचं असं नाही. पण जमलेली माणसं गल्लीतच राहात होती, त्यामुळे क्लीनरच्या पोरालाही तिसरी पायरी डोळ्यांना दिसायची.

त्या पायरीवर चढायला लागायचं कर्ज, आणि ड्रायव्हरला कर्ज देणार कोण? १९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, पण पगाराची चिठ्ठी नाही, सातबारा नाही, महिन्यातले वीस-बावीस दिवस जो गावातच नाही अशा माणसासाठी बँकेची पायरी उंचच राहिली. ट्रकला पैसा पुरवणाऱ्या खासगी कंपन्या दक्षिणेत आधी उभ्या राहिल्या. सुंदरम फायनान्स १९५४ची, श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्स १९७९ची. जुन्या ट्रकवर कर्ज देण्याचा मोठा धंदा श्रीरामनेच पुढे उभा केला. आमच्या गल्लीत मात्र सगळ्यात रुळलेली वाट निराळी होती. मालक नवी चासी काढायचा, तिच्यावर बॉडी बांधून घ्यायचा आणि जुना १२१० ट्रक आपल्याच ड्रायव्हरला द्यायचा.

असा एक व्यवहार आमच्या ओट्यावर झालेला मला आठवतो. मालक चहा पिता पिता म्हणाले, "गाडी तूच हाणतोयस, तर तूच घे की. हप्ता माझ्याकडं भर." शेजारचे मामा, म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मालक, पावसाळ्यात जमायचं न्हाई बघा." "मग गुऱ्हाळं सुरू झाली की दे. मी कुठं पळून चाललोय?" झालं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत आकडा चढला. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत मामा मोठे हप्ते भरायचे. आषाढ-श्रावणात, गाडी दारात उभी असताना, थोडंफार द्यायचे किंवा काहीच द्यायचे नाहीत. वहीत ते महिने कोरे दिसायचे आणि त्यावरून कोणी भांडायला यायचं नाही. मामांचा हप्ता उसाच्या आणि गुळाच्या हंगामाबरोबर चालायचा.

या आठवणीत मन रमतं, पण त्या व्यवहाराची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कागदोपत्री मालकाचीच असायची. पावती नाही, करारपत्र नाही. मालकाचं मन फिरलं, किंवा मालक वारला आणि पोरांनी वहीच नाकारली, तर चार वर्षं भरलेले पैसे पाण्यात. असं घडलेली घरंही गल्लीत होती. व्याज सांगितलं जायचं फ्लॅट, आणि त्याचं गणित ड्रायव्हरला कोणी उलगडून दाखवत नसे. एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, १२ टक्के फ्लॅट म्हटलं की ३६ हजार व्याज आणि महिन्याचा हप्ता ३,७७८ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागत असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. कायदाही पाठीशी उभा नव्हता. भाडेखरेदीच्या व्यवहारांसाठी संसदेने १९७२मध्ये कायदा केला, पण तो एक दिवसही अमलात आला नाही आणि २००५मध्ये रद्द झाला. तेव्हाचा ड्रायव्हर माणसाच्या भल्या-बुऱ्या स्वभावावर अवलंबून होता. समोरचा भला निघाला तर तो तरायचा.

आता सगळं बदललं आहे, आणि त्यातलं पुष्कळसं चांगल्यासाठी बदललं आहे. पॉवर स्टिअरिंगमुळे खांदे दुखत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि जकात नाक्यावर रात्र काढण्याचे दिवस संपले. पूर्वी नॅशनल परमिटसाठी राज्याराज्याच्या नावाने बँक ड्राफ्ट काढावे लागत. २०१०पासून वर्षाची एकच फी भरून देशभर जाता येतं. खंबाटकीत कोल्हापूरकडून पुण्याला जाणारी गाडी आता बोगद्यातून सरळ निघून जाते. आणि कर्ज? पूर्वी ज्यासाठी मालकाची मर्जी सांभाळत दहा वर्षं काढावी लागत, ते आज आठवडाभरात मंजूर होतं. फायनान्सवाला स्वतः फोन करतो.

अडचण कर्ज मिळाल्यानंतर सुरू होते. गल्लीतल्या एका ड्रायव्हरचा मुलगा, तोही ड्रायव्हर, दहा टायर गाडीचे कागद घेऊन माझ्याकडे आला होता. "काका, एवढं वाचून सांगा की. सही उद्या हाय." आम्ही वही-पेन घेऊन बसलो. ३० लाखांचं कर्ज, ६० महिने, ११ टक्के घटत्या शिलकीवर. हप्ता ६५,२०० रुपयांच्या आसपास. पाच वर्षांत परत जाणार ३९ लाखांवर. एवढं त्याला माहीत होतं. मग मी त्या हप्त्याला तीसने भागलं. दिवसाला २,१७० रुपये. गाडी चालो, न चालो, रविवार असो, दिवाळी असो, पोराचं लग्न असो, रोजचे २,१७०. तो आकडा बघून त्याने पेन खाली ठेवलं.

पुढचं गणित त्यानेच सांगितलं, कारण ते त्याच्या रोजच्या सवयीचं होतं. कोल्हापूर ते अहमदाबाद ९०० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे २२५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर जातानाचं डिझेलच २०,२५० रुपयांचं. वर टोल, धूर स्वच्छ करणारं ॲडब्लू, भरती-उतराईची हमाली, दलाली. वर्षाचा थर्ड पार्टी विमा या वजनाच्या गाडीला २०२२च्या सरकारी दरानेच जवळजवळ ४४ हजार. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा. परमिट, रोड टॅक्स, पासिंग आहेच. टायर तर नुसते रोज झिजत असतात. आणि अहमदाबादेत गोदामाच्या दारात गाडी दोन दिवस उभी राहिली, तर हप्त्याचेच ४,३४० रुपये गेले. ते त्याला कोणी भरून देत नाही. माल घेणाऱ्याला ती गाडी म्हणजे फुकटचं गोदाम.

पूर्वीही गाड्या उभ्या राहायच्या. पण उभ्या गाडीचा दर दिवसाला इतका मोठा नव्हता आणि डिझेलचा दर सरकार ठरवायचं. तो बदलायचा तेव्हा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायचा, मग वाहतूकदारांची संघटना बसायची आणि भाडं वाढायचं. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झालं आणि १६ जून २०१७पासून दर रोज बदलू लागला. भाडं मात्र रोज बदलत नाही. मोठ्या कंपनीचं काम मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे, त्याच्याकडून दलालाकडे, दलालाकडून एका गाडीच्या मालकाकडे येतं. कंपनी पैसे दोन-तीन महिन्यांनी देते. एवढं थांबण्याची ताकद नसलेला माणूस आज रोख मिळेल त्या भाड्याला हो म्हणतो, कारण पाच तारखेला खात्यातून हप्ता कापला जाणार असतो.

मग एखादं वर्ष असं येतं, की माणसाची चूक नसताना गणित कोसळतं. जुलै २०१८मध्ये सरकारने ट्रकच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायर गाडीची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. ओव्हरलोडचा दंड टळला, हे खरं. पण रस्त्यावरच्या गाड्यांची ताकद एका फटक्यात वाढली आणि माल तेवढाच राहिला. भाडी पडली. पाठोपाठ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तसंस्था बुडाली आणि फायनान्स कंपन्यांनी हात आखडले. २०२०मध्ये टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, पण व्याजाचं मीटर चालूच होतं. व्याजावरचं व्याज माफ होण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावं लागलं.

हप्ते तुंबले की गाडी ओढून नेतात. मालकाच्या वहीतला कोरा महिना आता संगणकावर थकबाकी म्हणून लाल होतो. टोलनाक्यावर, ढाब्यावर मोबाईलमध्ये नंबरांची यादी घेऊन उभी असलेली माणसं ड्रायव्हरांना चांगली ओळखीची आहेत. गुंडांकरवी गाडी जप्त करणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये ठणकावलं. जप्तीआधी नोटीस द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण परराज्यात, रात्री, माल भरलेल्या गाडीसमोर चार माणसं उभी राहिली की एकट्या ड्रायव्हरला नियम कोण वाचून दाखवणार? गाडी यार्डात जाते, लिलावात पडेल त्या भावाला विकली जाते आणि उरलेल्या रकमेची नोटीस घरी येते. चार वर्षांचे हप्ते भरलेला माणूस पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो, आणि वर कर्जदारही.

हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत वाहतूक कंपनीच ड्रायव्हरला ट्रक भाडेपट्ट्याने देते, तीच माल देते आणि आठवड्याच्या कमाईतून हप्ता, विमा, डिझेल कापून घेते. हप्ते फिटले की ट्रक तुझा, असं सांगितलं जातं. फिटेपर्यंत टिकणारे थोडे. तिथल्या सरकारने नेमलेल्या कृतिदलाने जानेवारी २०२५मध्ये अहवाल देऊन अशा योजनांवर बंदी घालण्याची शिफारस केली. काम देणारा आणि गाडी देणारा एकच असला की ड्रायव्हरला भाड्याबद्दल तोंड उघडता येत नाही, हे त्यामागचं कारण समजायला आपल्याला लांब जायला नको. ऊस वाहतुकीत कारखान्याच्या हमीवर वाहन काढून बिलातून हप्ते वळते करण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, आणि पहिलं बिल लांबलं की वाहतूकदाराच्या घरात काय होतं हे इथल्या गावागावांत ठाऊक आहे.

मामांचे ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पावती नसलेला व्यवहार पुन्हा कोणाच्याही नशिबी येऊ नये. १ ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक किरकोळ आणि लघुउद्योगाच्या कर्जासोबत, सगळे खर्च धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते सांगणारं पत्रक, कर्जदाराला समजेल त्या भाषेत देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. ही फार मोठी गोष्ट आहे. सहीआधी प्रत्येक ड्रायव्हरने ते मराठीत मागावं आणि घरी नेऊन बायकोसोबत वाचावं. गल्लीतल्या त्या पोराला मी हेच सांगितलं. त्याने सही पुढे ढकलली, ३० लाखांच्या नव्या गाडीचा नाद सोडला आणि निम्म्याहून कमी कर्जात चार वर्षं वापरलेली गाडी बघायला घेतली.

पण त्या जुन्या वहीतली एक गोष्ट मात्र परत आणायलाच हवी, आणि ती आणता येते. शेतकऱ्याचं पीककर्ज पीक निघाल्यावर फेडायचं असतं. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहा महिन्यांचा हप्ता बांधून मिळतो, कारण शेतीचा पैसा हंगामात येतो हे सावकारापासून बँकेपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. मग त्याच शेतातला गूळ, कांदा, द्राक्ष वाहणाऱ्या ट्रकचा पैसा बारा महिने सारखा येतो, असं कशाच्या आधारावर धरलं जातं? पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त, असा हप्ता बांधून द्या. गोदामाच्या दारात गाडी ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबली तर त्या दिवसाचे पैसे भाड्याच्या करारातच लिहा. डिझेल वाढलं की भाडं आपोआप वाढेल, असं कलम छोट्या मालकापर्यंत पोचू द्या. दान कोणी मागत नाही. ड्रायव्हर आपल्या कष्टाने मालक होऊ शकतो, हे आमच्या गल्लीने डोळ्यांनी पाहिलं आहे. ती पायरी आजच्या क्लीनरच्या पोरालाही चढता आली पाहिजे, आणि चढल्यावर तिच्यावर टिकून राहता आलं पाहिजे.