रद्दीत गेलेला इतिहास

कुलाब्यातला ‘व्हूडू’ पब बंद होऊन बरीच वर्षं झाली. शनिवारी रात्री तिथे आमच्यातले, म्हणजे समलिंगी, लोक जमायचे. अंधार, धूर, कोंदट हवा. पण ‘लग्न कधी करतोस?’ असं विचारणारं कुणी नसायचं. माझा एक मित्र तिथून धावत सीएसटी गाठायचा आणि शेवटच्या लोकलने डोंबिवलीला जायचा. घराचं दार उघडेपर्यंत चेहरा पुन्हा घरच्यांना चालेल असा करून ठेवायचा.

अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींसाठीचं नियतकालिक सुरू केलं. त्याचे अंक हा मित्र वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा आणि माळ्यावर, जुन्या गाद्यांखाली ठेवायचा. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. एचआयव्हीबद्दल न लाजता बोलता येईल अशी जागा झाली, पण त्याची सरकारी मोफत औषधं २००४ मध्ये आली. माझा मित्र त्याआधीच गेला. घरच्यांनी कावीळ सांगितली. ज्याच्यासोबत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली, तो स्मशानात ‘ऑफिसातला मित्र’ म्हणून मागे उभा होता. त्याला धड रडताही आलं नाही. दहाव्यानंतर माळा साफ झाला. अंक, पत्रं, माथेरानचे फोटो, सगळं रद्दीत गेलं. घरच्यांचा राग येत नाही. भीती त्यांनाही होतीच.

बायकांचं तर याहून कमी उरलं. रात्री उशिरा बाहेर राहण्याची मुभा त्यांना कुठली? बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या मुलीचं ‘मित्राची गोष्ट’ हे विजय तेंडुलकरांचं नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. खऱ्या आयुष्यातल्या अशा बायकांना मात्र एकमेकींना शोधायला ‘स्त्री संगम’ या त्यांच्या गटाची वाट पाहावी लागली, तो १९९५ मध्ये सुरू झाला. तीनच वर्षांनी दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटावरून मुंबईतच थिएटरं फोडली गेली.

नाटककार चेतन दातार गेला तो ऑगस्ट २००८ मध्ये. ‘१, माधवबाग’ या नाटकात त्याने समलिंगी मुलाच्या आईला बोलतं केलं होतं, माझ्या मते मराठीत इतक्या मायेने हे कुणीच मांडलं नव्हतं. त्याच महिन्यात, १६ तारखेला, मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानातून आमचा पहिला प्राइड मोर्चा निघाला. चेतनला तो दिसला नाही. डोंबिवलीच्या मित्रालाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सुटला, तेव्हा मला आधी हेच दोघे आठवले.

तुमच्या घरात एखादा बिनलग्नाचा काका, मावशी होऊन गेली असेल, तर त्यांची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. पत्रं सापडली तर फाडू नका. आणि ज्याने ती लिहिली, तो हयात असेल, तर त्याला घरी बोलवा.