चार सरींवर पिकणारा गहू

थरच्या वाळवंटात पाऊस नावापुरता पडतो. तरीही इथे माणसे आहेत, गुरे आहेत आणि शेतीही आहे. पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवणाऱ्या या प्रदेशाची ही ओळख.

फेब्रुवारी महिना. जैसलमेर शहर मागे टाकून गाडी पश्चिमेकडे निघाली की अर्ध्या तासात हिरवा रंग डोळ्यांआड होतो. दोन्ही बाजूंना पिवळसर खडक, कुठे रुईची झुडपे, कुठे एखादे एकटे खेजडीचे झाड. दसऱ्याला आपल्याकडे जिचे पूजन होते तीच ही शमी. उंटांचा एखादा कळप रस्ता ओलांडून जातो आणि पुन्हा सारे शांत होते.

पण आदल्या वर्षी पाऊस बरा झाला असेल, तर खाभा किल्ल्याच्या तटावरून दिसणारे दृश्य प्रवाशाला चकित करते. खाली ओसाड गावाच्या पडक्या भिंती आणि पलीकडच्या खोलगट भागात गव्हाचे हिरवेगार शेत! ना विहीर दिसते, ना पंपाचा आवाज येतो, ना कालवा. मग या गव्हाला पाणी कोण देते?

त्याचे उत्तर एका शब्दात आहे : खडीन.

सर्वांत गजबजलेले वाळवंट

थरमध्ये शेती करणे ही हौस नाही, गरज आहे. जगातील बहुतेक वाळवंटांत मैलोन्मैल माणूस दिसत नाही. थरची गोष्ट वेगळी. जगातील सर्वाधिक दाट लोकवस्तीचे वाळवंट म्हणून ते ओळखले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार एका चौरस किलोमीटरमध्ये जैसलमेर जिल्ह्यात १७ माणसे राहत होती. पण बाडमेरमध्ये हा आकडा ९२, जोधपूरमध्ये १६१ आणि वाळवंटाच्या पूर्व कडेला असलेल्या झुंझुनू जिल्ह्यात ३६१ होता. शिवाय गाई, मेंढ्या, शेळ्या आणि उंट वेगळेच.

एवढ्या जिवांसाठी पाणी किती? जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला सरासरी १५ ते २० सेंटीमीटर पाऊस पडतो. तोही दोन-चार जोरदार सरींत आटोपतो. उन्हाची आणि वाऱ्याची तहान मात्र अशी की, उघड्यावर ठेवलेले पाणी वर्षभरात दोन मीटर खोलीपर्यंत उडून जाईल. इथली एक म्हण सांगते की तूप सांडले तर काही बिघडत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो. घरी येणाऱ्या पाहुण्यापुढे आधी पाण्याचा तांब्या येतो, त्याचा अर्थ ही म्हण ऐकल्यावर कळतो.

दुष्काळाचेही इथे प्रकार आहेत. धान्य पिकले नाही तर अन्नकाळ, पाणी आटले तर जलकाळ, चारा संपला तर तृणकाळ आणि तिन्ही एकदम आले तर त्रिकाळ. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ हा असाच त्रिकाळ होता. त्याचे नाव घराघरांत आजही घेतले जाते.

पाण्याखाली शेत, शेताखाली पाणी

खडीनची कल्पना साधी आहे, पण ती सुचायला जमीन वाचता यावी लागते. जैसलमेरच्या आसपास खडकाळ उतार पुष्कळ आहेत. त्यांवर पडलेले पाणी जिरत नाही, ते धावते. हे पाणी जिथे खोलगट जागेत येते तिथे खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा. बांधाला जास्तीचे पाणी सुरक्षित जाण्यासाठी दगडी सांडवा ठेवायचा. पावसाळ्यात या जागेचे तळे होते. पाण्याबरोबर वरून आलेला सुपीक गाळही इथेच बसतो.

सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाणी हळूहळू जमिनीत मुरते. उरलेसुरले बांधातल्या मोरीतून सोडून देतात. मग त्या ओलसर जमिनीत नांगर घालून गहू आणि हरभरा पेरतात. पुढे कापणीपर्यंत वरून एक थेंबही द्यावा लागत नाही. जमिनीत साठलेली ओल आणि थंडीतले दव यांवर पीक उभे राहते. मुरणारे पाणी क्षारही खाली घेऊन जाते, म्हणून वाळवंटातल्या शेतीला नेहमी छळणारा खारटपणा इथे वाढत नाही. बांधाच्या पलीकडे खणलेल्या उथळ विहिरीत गोडे पाणी मिळते ते वेगळेच.

यात एक मेख आहे. एक बिघा शेतासाठी उताराची दहा-पंधरा बिघे जमीन मोकळी राहिली पाहिजे. त्या उतारावर कुणी खाण काढली, रस्ता आडवा टाकला किंवा घरे बांधली, तर पाणी वाटेतच अडते आणि खाली खडीन कोरडे पडते. म्हणून खडीन हे कुणा एकाचे शेत असले, तरी त्याचे पाणी साऱ्या गावाच्या शहाणपणावर अवलंबून असते. जैसलमेर जिल्ह्यात अशी लहानमोठी पाचशेच्या आसपास खडीने नोंदली गेली आहेत.

ही विद्या प्रामुख्याने पालीवाल ब्राह्मणांची. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी जैसलमेर भागात ती रुजवली असे मानतात. त्यांची ८४ गावे होती म्हणतात. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध कुलधरा हे शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पालीवाल ही गावे सोडून गेले. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमामुळे सारे एका रात्रीत निघून गेले, अशी दंतकथा वाटाडे रंगवून सांगतात. काही अभ्यासक मात्र जाचक कर, आटलेले पाणी किंवा भूकंप यांच्याकडे बोट दाखवतात. पर्यटक कुलधऱ्याला ‘भुताचे गाव’ पाहायला येतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. पालीवालांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे ते बांध. ते मात्र फार थोडे लोक पाहतात. त्यांतल्या कितीतरी खडिनांत आज इतर समाजांचे शेतकरी गहू पेरतात.

पाण्याच्या तीन जाती

थरमधला माणूस पाण्याला एकच नाव देत नाही. पावसाचे थेट मिळणारे, वाहणारे, तळ्यात साठणारे ते ‘पालर’ पाणी. खूप खोल विहिरीतले, बहुधा खारट, ते ‘पाताळ’ पाणी. आणि या दोन्हींच्या मधले ‘रेजाणी’ पाणी. काही भागांत वाळूखाली जिप्समचा कठीण थर असतो. वाळूत मुरलेला पाऊस या थरावर अडतो, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही आणि ओल होऊन वाळूत लपून राहतो.

ही ओल गोळा करण्यासाठी ‘कुई’ खणतात. कुई म्हणजे अगदी अरुंद विहीर. आत एक माणूस जेमतेम बसेल एवढीच. खणणारा आखूड दांड्याच्या हत्याराने बसल्याबसल्या खणतो. आतली उष्णता कमी व्हावी म्हणून वरून मूठमूठ वाळू जोराने टाकतात. तिच्याबरोबर थोडी ताजी हवा खाली जाते. वाळू ढासळू नये म्हणून खींप नावाच्या गवताचा जाड दोर गोल गोल रचून भिंत बांधतात. एवढे करून कुईत दिवसाकाठी दोन-तीन घागरी पाणी झिरपते. पण ते गोड असते आणि पाऊस हुकलेल्या वर्षीही साथ देते.

घराजवळ असते ते टांके किंवा कुंड. जमिनीत खणलेली झाकलेली टाकी आणि तिच्याभोवती तिच्याकडे उतरणारे, लिंपून स्वच्छ केलेले अंगण. या अंगणाला ‘आगोर’ म्हणतात. त्यावर पडलेला थेंब न् थेंब टाकीत जातो.

ही सारी माहिती शहरी वाचकांपर्यंत पोचवण्याचे मोठे काम अनुपम मिश्र यांनी केले. १९४८ साली आपल्या वर्ध्यात जन्मलेल्या या लेखकाने ‘आज भी खरे हैं तालाब’ आणि ‘राजस्थान की रजत बूँदें’ ही हिंदी पुस्तके लिहिली. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या लोकांनी केलेले हे इंजिनिअरिंग आहे, हे त्यांनी आदराने दाखवून दिले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

हिमालयाचे पाणी दारात

स्वातंत्र्यानंतर या चित्रात एक मोठी रेघ ओढली गेली. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरिके येथे पाणी वळवून ते वाळवंटात आणायचे ठरले. १९५८ मध्ये काम सुरू झाले. आधी राजस्थान कालवा आणि पुढे इंदिरा गांधी कालवा या नावाने ओळखला जाणारा हा पाट सुमारे ६५० किलोमीटर लांब आहे. १९८७ च्या आरंभी पाणी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडपर्यंत पोचले.

कालव्याने वाळवंटाचे रूप पालटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे बाजरी आणि मटकीपलीकडे काही होत नव्हते तिथे गहू, मोहरी, कापूस डोलू लागले. मैलभर डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या बायकांच्या वाट्याला काही गावांत नळ आला. ज्या घरात पाणी आले, तिथल्या मुलीला शाळेत जायला वेळ मिळाला. हे सुख आकड्यांत मोजता येणारे नाही.

पण पाण्याने आपली किंमतही वसूल केली. वरच्या भागात, हनुमानगडकडे, भरमसाट पाणी दिल्याने जमिनी पाणथळ झाल्या. खाली पाणी मुरू न देणारा थर असेल तर ते वर येते, मीठही वर आणते आणि शेत पांढरे पडते. इथले लोक त्याला ‘सेम’ म्हणतात. १९९४ मध्ये थरमध्ये हिवतापाची मोठी साथ आली, तेव्हा अभ्यासकांनी कालव्याच्या साचलेल्या पाण्याकडेही लक्ष वेधले. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची तक्रार तर उलटीच : वरच्यांची शेते बुडतात आणि आमच्यापर्यंत पाणी येतच नाही. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात. या ‘नहरबंदी’त शहरांनाही पाणी पुरवून पुरवून वापरावे लागते.

जिथे कालवा नाही तिथे बोअर आले. त्यांवर जिरे आणि इसबगोल यांसारखी रोख पैसा देणारी पिके निघू लागली. पण राजस्थानात दर वर्षी जमिनीत मुरणाऱ्या प्रत्येक १०० लिटर पाण्यामागे सुमारे १५० लिटर उपसले जाते. घरखर्चात ही पद्धत कोणती गृहिणी चालू देईल? डिसेंबर २०२४ मध्ये मोहनगड भागात एक बोअर खणताना जमिनीतून पाण्याचा प्रचंड लोट उसळला. खणण्याचे यंत्र आणि त्याचा ट्रक खड्ड्यात गडप झाले. काहींना वाटले, लुप्त सरस्वतीच प्रकटली! भूजलतज्ज्ञांनी मात्र सांगितले की कठीण थराखाली दाबून राहिलेले हे फार प्राचीन पाणी आहे. म्हणजे पूर्वजांची ठेव. ती एकदा मोडली की पुन्हा भरायला आपल्या आयुष्यात पुरेल एवढा पाऊस थरमध्ये नाही.

मुलांच्या हाती काय?

आज थरच्या शेतकऱ्यापुढे हा खरा प्रश्न आहे. बोअरमुळे मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण निभते, आणि म्हाताऱ्याने राखलेल्या खडिनात पाऊस हुकला तर काहीच पिकत नाही. मुलाला बोअर हवा असतो, त्यात त्याचे काही चुकते असेही नाही. पण बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावा लागतो, तर खडिनाचा बांध दरवर्षी थोडी माती मागतो, इतकेच. शहाणी गावे दोन्ही राखतात : नळ आला तरी टांके बुजवत नाहीत, कालवा आला तरी पावसाळ्याआधी बांधावर माती टाकायला जातात. नहरबंदीच्या दिवसांत त्यांच्या घरचे पाणी संपत नाही.

थर पाहायला जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. किल्ला, हवेल्या आणि सम गावच्या वाळूच्या टेकड्या तर पाहाव्याच. पण एक दिवस कुलधरा आणि खाभा यांच्यासाठी, म्हणजे तिथल्या खडिनांसाठी राखून ठेवावा. जैसलमेर शहरातील गडीसर तलाव सकाळी लवकर पाहावा. चौदाव्या शतकात महारावळ घडसी यांनी नव्याने बांधून काढलेल्या या तलावाने शेकडो वर्षे शहराची तहान भागवली. जेवणात बाजरीचा सोगरा, केर-सांगरीची भाजी आणि ताक मागावे. सांगरी म्हणजे त्या एकट्या उभ्या खेजडीच्याच शेंगा.

आणि एखाद्या ढाणीवर टांके पाहण्याचा योग आला, तर आगोरावर पाय ठेवण्याआधी चपला काढाव्यात. तिथे देऊळ नसते. पण त्या अंगणावरून वाहणारे पाणी पुढे वर्षभर कुणाच्या तरी घरी प्यायचे असते.