दोरा पिंजतो तेव्हा

उल्हासनगर

चि. ताईस,


आरेतल्या घरात तू जुनी पॉवर मशीन बसवलीस, पीसवर काम घेऊ लागलीस, हे वाचून फार आनंद झाला. वरचा दोरा सुईपाशी पिंजून तुटतो आणि शेजारी टायमिंग बिघडलं म्हणतात, असं तू लिहिलंस. टायमिंगला, म्हणजे सुई आणि हुक यांच्या मेळाला, इतक्यात हात लावू नकोस. हुकाचा स्क्रू एकदा सैल केला की आधीचा बिघाड कोणता आणि आपण घातलेला कोणता, हे कळेनासं होतं.

आधी दोऱ्याचं काम समजून घे. प्रत्येक टाक्याला हुक दोऱ्याचा मोठा फास ओढून बॉबीनभोवती फिरवतो. त्यातला तीन-चार मिलिमीटर कापडात राहतो, बाकीचा वर परत जातो. म्हणजे दोऱ्याचा तोच भाग टाक्यात बसण्याआधी वीस-तीस वेळा तरी नेढ्यातून घासला जातो. वाटेत कुठे जराशी खरखर असली तरी ती त्याला दर खेपेला लागते.

म्हणून सुरुवात सुईपासून. नवी घाल, पूर्ण वर सरकवून बसव. लांब खाच डावीकडे, हुकाकडची खोबण उजवीकडे, दोरा डावीकडून उजवीकडे. मग दुसऱ्या तशाच सुईत हातभर दोरा ओवून तिरपा ताणून धर. सुई आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे. अडकली तर नेढं लहान पडतंय. १४ च्या जागी १६ नंबर घे, नाहीतर दोरा बारीक घे.

नंतर दोरा. तो दोन्ही हातांत धरून उजव्या हाताच्या बोटांनी आपल्याकडे वळव. पीळ घट्ट झाला तर दोरा आपल्या मशीनचा. सुटू लागला तर दोऱ्याचा तो कोन परत कर, कारण मशीन चालेल तसा त्याचा पीळ उकलत जाईल. तुटलेलं टोकही नीट बघ. कापसासारखं फुललं असेल तर घासणं आहे. टोकाला कडक गोळी झाली असेल तर सुई तापते आहे. इथे जीन्सच्या जाड शिवणीवर हे रोज दिसतं. पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे वितळतं. तिथे वेग कमी करणं हाच पहिला उपाय.

तुझ्याकडे मला गंजाचीही शंका येते. १९४९ साली तबेल्यांसाठी वसवलेल्या आरेत बरीच झाडी टिकली, हे आपलं भाग्य. पण पावसाळ्यातली तिथली ओल पोलादाला सोसत नाही. बंद पडून राहिलेल्या मशीनच्या प्लेटला, हुकाला बारीक खड्डे पडतात. स्विच बंद करून, मोटर पूर्ण थांबल्यावर, जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा प्लेटच्या भोकातून, हुकाच्या टोकावरून, टेन्शनच्या चकत्यांमधून फिरव. जिथे अडकेल तिथेच दोष. अगदी बारीक पॉलिश पेपरने तेवढीच जागा हलकी घास; हुकाचं टोक झिजू देऊ नकोस. मग पुसून तेल दे, आणि रोज काम संपल्यावर लव झाडून मशीन झाकत जा.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि चिंधीवर वीतभर शिवून बघ. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर दोरा पिंजायचा थांबेल, पण कशामुळे ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तू पुन्हा कारागिराच्या वाटेकडे डोळे लावशील. पीसवर काम करणाऱ्या बाईची मशीन थांबली की त्या दिवसाची मजुरी थांबते. म्हणून हे ज्ञान तुझ्या हातात असावं, असं मला मनापासून वाटतं.

एवढं करूनही पिंजला, तरच हुक आणि सुई यांतलं अंतर बघायचं. ते एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं, अंदाजाने लागत नाही. त्यासाठी मी स्वतः येईन. तोवर पिंजलेल्या दोऱ्याचे तुकडे टाकू नकोस. कोणत्या बदलानंतर कोणता तुटला, ते लिहून कागदाला चिकटवून ठेव. मला तिथूनच सुरुवात करता येईल.

तुझा,
मामा