टेकूची जागा

व्यापाऱ्याच्या घरात तरफ वेगळी शिकवावी लागत नाही. पेढीवरचा जुना तराजू ही तरफच होती. टेकू बरोबर मध्ये, दोन्ही भुजा सारख्या. सुपारी कातरणारा अडकित्ताही तरफच, फक्त त्यात टेकू टोकाला आणि भार मध्ये असतो. भिवंडीच्या यंत्रमागावर धोटा फेकणारी लाकडी काठी याच कुळातली. तिच्या बुडाशी थोडीशी हालचाल होते आणि शेंड्याला वेग येतो. इतक्या तरफा ज्याच्या ओळखीच्या, तो व्यापारी निजामपुऱ्यातल्या गॅरेजमध्ये उभा राहतो तेव्हा मात्र कारागिराच्या हातातील लांब पहार त्याला केवळ अंगमेहनतीचे साधन वाटते.

भिवंडीत मोटार बाळगणाऱ्यास या पहारीशी गाठ पडतेच. माणकोली, अंजूर फाटा, वंजारपट्टी नाका या वाटांवर वखारींच्या मालाची अवजड वाहने अहोरात्र चालतात आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याने झाकले जातात. त्या खड्ड्यांचा मार पुढच्या चाकांच्या बॉल जॉइंटला सोसावा लागतो. माणसाच्या खुब्याच्या सांध्यासारखा हा सांधा असतो: गोल डोक्याची पोलादी खीळ एका वाटीत फिरते, भोवती ग्रीस आणि वर रबरी टोपण. चाक वरखाली होते आणि वळतेही, ते याच्या बळावर. टोपण फाटले की ग्रीस बाहेर जाते, चिखल आत येतो आणि झीज सुरू होते. प्रथम खड्ड्यावर ‘कटकट’ ऐकू येते. पुढे स्टिअरिंग एका बाजूस ओढू लागते, टायरची कड झिजते. तरीही ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणणारे पुष्कळ. खीळ वाटीतून निसटली तर चाक आडवे होते आणि चालती गाडी त्या कोपऱ्यावर बसते. त्या क्षणी चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

दुरुस्तीत खरी अडचण सांधा सोडवण्याची असते. मारुती ८०० ही गाडी १९८३ साली आली. तिच्यासारख्या लहान गाड्यांत ही खीळ चाकाच्या नकल नावाच्या ओतीव भागात बसवून बोल्टने आवळलेली असते. बोल्ट काढला तरी लोअर आर्म खाली येत नाही. रबरी बुश आणि दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार त्याला वर धरून ठेवतात. घाईचा कारागीर येथे घणाचे घाव घालतो किंवा दोन दातांचा काटा ठोकून घुसवतो. सांधा सुटतो, पण रबरी टोपण फाटते. सांधा बदलायचाच असेल तर त्याचे दुःख नाही. दुसऱ्या कामासाठी चांगला सांधा सोडवायचा असेल तर मात्र तो त्याच दिवशी निकामी होतो.

जाणता कारागीर आधी अँटी-रोल बारची लिंक सैल करतो. मग आर्मभोवती साखळी घालून तीत पहार ओवतो, पहारीचे टोक चासीच्या भक्कम भागाखाली अडकवतो आणि दुसरे टोक सावकाश खाली दाबतो. हा अडकित्त्याचाच प्रकार झाला. पहार टेकूपासून १ मीटर लांब आणि साखळी टेकूपासून १० सेंटीमीटरवर असेल, तर हाताच्या २० किलोंच्या दाबाचे आर्मवर सुमारे २०० किलो होतात. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. हात १० सेंटीमीटर खाली जातो तेव्हा आर्म १ सेंटीमीटर उतरतो. बँकेच्या भाषेत लिव्हरेज म्हणतात ते हेच. स्वतःचे २० लाख आणि कर्जाचे ८० लाख घालून माल भरला आणि भाव १० टक्के उतरला, तर स्वतःचे भांडवल निम्मे जाते. पहार निसटली तर तीही त्याच हिशेबाने उलटते. कारागिराचे दात आणि मनगट तिच्या वाटेत असतात.

म्हणून टेकूची जागा निवडण्यात सगळे कसब आहे. ब्रेकची नळी, सेन्सरची तार किंवा पातळ पत्रा यांवर टेकू देता येत नाही. आर्म फार खाली ओढला तर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या बाजूने निसटण्याचे भय असते. काही जड गाड्यांत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर बसलेली असते. तेथे आर्मखाली जॅक न लावता सांधा सोडला तर दबलेली स्प्रिंग आर्मला खाली झुगारून देते. आणि गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कोणी जाऊ नये. लोखंडी स्टँड लावलेच पाहिजेत. बहुधा खाली सरकणारा असतो तो गॅरेजमधला सर्वांत लहान मुलगा.

आपल्या मंडळींचा हात आखडतो तो नेमका येथे. सुट्या भागाची छापील किंमत मुकाट्याने दिली जाते आणि घासाघीस होते ती मजुरीवर. मजुरी तुटली की कारागिराला वेळ वाचवावा लागतो, आणि वेळ वाचतो तो स्टँडचा, लिंक सैल करण्याचा, साखळी नीट बसवण्याचा. घण तर हाताशीच असतो.

काम झाल्यावर बोल्ट नवा घातला का आणि तो टॉर्क पान्याने ठरल्या मापाला आवळला का, हे मालकाने विचारावे. जुना सांधा मागून घेऊन त्याची खीळ बोटांनी हलवून पाहावी. झिजलेली असेल तर ती वाटीत लटपटते. चाकांचे अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, नाहीतर नवा टायरही कडेने झिजू लागतो.